देवळाची पंगत आणि हृदयाचे दुखणे

पेडणे महालातील हळर्ण हे गाव शापोरा नदीच्या काठी आहे. तेथील किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७४६ साली पोर्तुगीज विजरईने जिंकून घेतला आणि या कामगिरीबद्दल लिस्बनच्या दरबाराने त्यास दोन वर्षांनी ‘मार्केझ द आलोर्ना’ ही पदवी दिली. ‘आलोर्ना’ म्हणजे आमचे हळर्ण. एका खेड्याचे नाव असे सातासमुद्रापलीकडे गेले व एका सरदारघराण्याचे भूषण होऊन बसले. ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, त्याच पोर्तुगालातून व त्याच्या शेजारच्या देशांतून आता आमच्याकडे एक नवा माल येऊ लागला आहे. म्हापशाच्या मोठ्या दुकानांत ऑलिव्हच्या तेलाच्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. आणि हृदयाचे दुखणे जडलेली, किंवा ते जडेल या भीतीने व्याकूळ झालेली आमची सुशिक्षित मंडळी त्या बाटल्या औषधाच्या श्रद्धेने घरी नेतात. हळर्णचे नाव नेणाऱ्यांनी ते फुकट नेले. हळर्णच्या चुलीवर जे पूर्वीपासून शिजत होते त्याचेच तत्त्व मात्र आम्ही आता दाम मोजून त्यांच्याकडून विकत घेत आहोत.

ज्यास ‘भूमध्यसागरी आहार’ म्हणतात तो काय आहे हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. २०१० साली युनेस्कोने स्पेन, इटली, ग्रीस व मोरोक्को या देशांची ही आहारपद्धती मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समाविष्ट केली आणि २०१३ साली त्यांत सायप्रस, क्रोएशिया व पोर्तुगाल यांची भर पडली. नकाशा उघडून पाहणाऱ्याच्या ध्यानात येईल की पोर्तुगालचा किनारा भूमध्यसमुद्रास कोठेही लागत नाही. तो सारा अटलांटिक महासागरावर आहे. तरीही पोर्तुगालचा हक्क मान्य झाला, कारण ही पद्धती कोणा एका समुद्राची मिरास नसून पानातील पदार्थांच्या प्रमाणाची गोष्ट आहे. कोंड्यासह धान्य, रोजच्या रोज कडधान्ये, भरपूर भाजीपाला व फळे, मूठभर सुकामेवा, आठवड्यातून दोनतीनदा मासे, दूधदुभते बेताचे, तांबडे मांस व मिठाई क्वचित, आणि लोणी किंवा डालड्याऐवजी द्रव तेल, एवढा तिचा सारांश आहे. अटलांटिकच्या काठावरील देशास जर हा न्याय लागू होतो, तर अरबी समुद्राच्या काठावरील पेडणे-डिचोलीस तो का लागू होऊ नये, असा आमचा सवाल आहे. आमचे म्हणणे याहूनही पुढचे आहे. हृदयास मानवणारे हे पान पुन्हा मांडण्याचे काम प्रथम आमच्या देवळांनी हाती घेतले पाहिजे. कारण ते पान मोडण्याच्या कामी आमच्या पंगतींनी व आमच्या उपासांनीही हातभार लावलेला आहे.

हा विषय जिभेच्या आवडीनिवडीचा नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिआब’ या देशव्यापी पाहणीचे जे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे प्रमाण साऱ्या देशात ११.४ टक्के तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत हाच आकडा सर्वांत मोठा. म्हणजे गोव्यातील प्रौढ माणसांपैकी दर चौघांत एक मधुमेही. आणि मधुमेहाच्या पाठोपाठ हृदयविकार येतो हे कोणीही वैद्य सांगेल. बावन्न देशांत केलेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातून असे दिसून आले की, हृदयविकाराचा पहिला झटका भारतात व शेजारच्या देशांत सरासरी वयाच्या ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र तो सुमारे ५९ व्या वर्षी येतो. सहा वर्षांचा हा फरक कोष्टकात लहान दिसतो. आमच्या व्यवसायात तो निराळ्या रूपाने समोर येतो. गोव्याच्या कायद्याप्रमाणे माणूस निवर्तला की त्याच्या मिळकतीचे इन्व्हेंतार होते. अर्धा वाटा हयात जोडीदाराचा व उरलेला अर्धा मुलांचा. त्या कागदांत मृताच्या वयापुढे पन्नाशीच्या आतबाहेरचा आकडा आणि वारसाच्या नावापुढे ‘अज्ञान’ असा शेरा जेव्हा एकाच पानावर वाचावा लागतो, तेव्हा सहा वर्षांची किंमत कळते. तेवढ्या अवधीत मुलीचे शिक्षण पुरे होते, घराचे कर्ज फिटते, धाकट्यास नोकरी लागते. बाप गेलेल्या घरात हीच कामे विधवेच्या अंगावर पडतात.

आता मुख्य साक्षीपुरावा तपासू. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ साली सात देशांतील पुरुषांचा अभ्यास सुरू केला. चाळीस ते एकोणसाठ वयाचे बारा हजारांहून अधिक पुरुष त्यात होते. हृदयविकाराने होणारे मृत्यू पूर्व फिनलंडमध्ये सर्वांत अधिक निघाले व ग्रीसच्या क्रीट बेटावर सर्वांत कमी. क्रीटचा शेतकरी काही श्रीमंत नव्हता. जाडीभरडी रोटी, कडधान्ये, रानभाज्या, फळे व ऑलिव्हचे तेल यांवर तो राहत होता आणि दिवसभर शेतात राबत होता. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे तत्त्व जसे न्यायालयास तसे शास्त्रासही मान्य आहे. म्हणून पुढे प्रत्यक्ष प्रयोग झाले. फ्रान्समधील लियों येथे हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांचे दोन गट करून एका गटास या पद्धतीचा आहार दिला. १९९४ साली व नंतर १९९९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणे दुसरा झटका येण्याचे व त्याने दगावण्याचे प्रमाण त्या गटात निम्म्याहून कमी राहिले. स्पेनमध्ये सुमारे साडेसात हजार माणसांवर ‘प्रेडिमेड’ नावाचा प्रयोग झाला. हृदयविकाराचा धोका असलेली, पण अद्याप तो न झालेली ही माणसे होती. त्यांत झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू या तिन्ही मिळून घटनांत सुमारे तीस टक्के घट दिसली.

प्रतिपक्षाचा वकील येथे उठून उभा राहील, आणि त्याने राहावेच. स्पेनच्या प्रयोगाचा २०१३ सालचा लेख २०१८ साली मागे घ्यावा लागला, कारण काही ठिकाणी माणसांचे गट पाडताना नियम पाळला गेला नव्हता. परंतु संशोधकांनी ती सदोष नोंद उघड केली, हिशेब पुन्हा मांडला, आणि निष्कर्ष मुख्यतः तोच निघाला. त्यातही पक्षाघाताची घट अधिक स्पष्ट होती आणि एकूण मृत्युसंख्येत फारसा फरक नव्हता, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. दुसरा साक्षीदार आमच्याच देशातला आहे. मुरादाबाद येथे एक हजार रुग्णांवर ‘भारतीय-भूमध्यसागरी’ आहाराचा प्रयोग झाल्याचा लेख २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तो आमच्या पक्षास अत्यंत सोयीचा होता. पण २००५ साली त्याच नियतकालिकाने त्या प्रयोगाच्या विश्वसनीयतेविषयी जाहीर शंका व्यक्त केली. तेव्हा तो साक्षीदार आम्ही पिंजऱ्यातून खाली उतरवतो. आपल्या बाजूचा आहे एवढ्यासाठी संशयित कागद दाखल करणे आम्हांस मान्य नाही. हा कागद वगळूनही दावा उभा राहतो.

हा आहार शरीरात काय करतो हेही सांगितले पाहिजे. हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या अस्तराखाली रक्तातील ‘एल.डी.एल.’ नावाच्या कणांतून आलेले कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षे साचत राहते. एके दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते व हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो. यासच आपण झटका म्हणतो. थंडीत थिजणारे, म्हणजे संपृक्त, स्निग्धांश अधिक खाल्ले तर हे कण रक्तातून काढून घेण्याची यकृताची शक्ती मंदावते. त्यांच्या जागी द्रव तेल आले तर ती सुधारते. कडधान्यांतील व भाज्यांतील विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, आणि नवे पित्त तयार करण्यासाठी यकृतास रक्तातलेच कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते. पॉलिश केलेला पांढरा भात, मैदा व साखर यांनी रक्तातील साखर झपाट्याने चढते व तिचा अधिक भाग चरबीच्या रूपाने रक्तात फिरू लागतो. कोंडा व डाळ सोबत असली की ती चढण मंद होते. तारले, बांगडा यांसारख्या तेलकट माशांतील स्निग्धांश ही रक्तातील चरबी उतरवितात. मीठ कमी झाले की रक्तदाब उतरतो. या यादीत ऑलिव्हचे झाड असलेच पाहिजे असे एकही कलम नाही.

म्हणूनच बाटलीवाल्या मंडळींस आमचे सांगणे आहे की, तुम्ही पानातील एकच पदार्थ उचललात आणि पान तसेच ठेवलेत. लियोंच्या रुग्णांना केवळ ऑलिव्हचे तेल रुचणार नाही हे ओळखून तेथील वैद्यांनी लोण्याच्या जागी रेपसीडच्या, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या बियांच्या, तेलापासून केलेला पदार्थ दिला होता. तरी गुण आला. स्पेनमधील एका गटास जादा तेल दिलेच नव्हते, रोज तीस ग्रॅम अक्रोड-बदाम दिले होते. त्यासही जवळजवळ तितकाच गुण आला. ऑलिव्हचे तेल उत्तम आहे, पण शेंगदाण्याच्या तेलातही संपृक्त भाग पाचवा-सहावाच असतो व त्याची किंमत सामान्य गृहस्थास झेपते. मैद्याचा पाव, बटाट्याचे काप आणि गोड पेय समोर ठेवून त्यावर ऑलिव्हच्या तेलाची धार धरणाऱ्याने क्रीटचे पान मांडले असे होत नाही. द्राक्षाच्या मद्याचा पेलाही या आहाराच्या नावाखाली कोणी पुढे करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. हृदयाच्या नावाने पिण्याचा परवाना मागणाऱ्यास तो येथून मिळणार नाही.

हळर्णचे जुने पान आता या यादीशेजारी ठेवून पाहावे. उकड्या तांबड्या तांदळाची पेज व भात, भात कापल्यावर शेतातील ओलीवर पेरलेले अळसांदे, कुळीथ व मूग, कुळथाची पिठी, अळसांद्यांचे तोंडाक, मोडाच्या मुगांच्या मुगागाठी, नाचण्याची आंबील व तिजान, पावसाळ्यात तायकिळा, अळू, फागलां, गोकुळाष्टमीस पेडणे-सावंतवाडीच्या पट्ट्यात होणारी शेवग्याच्या पाल्याची भाजी, बाजारातून आलेले तारले व बांगडे, आंबटास कोकमाची सोले, मूठभर काजू. आठवड्यातील सोमवार, श्रावणमास व सणवार हे शिवराकाचे दिवस. शिवराकाच्या जेवणात कांदा-लसूण नसे, पण डाळ-कडधान्याची उणीव कधी नसे. क्रीटच्या शेतकऱ्यास पंगतीस बसविले असते तर पदार्थांची नावे त्याने विचारली असती, पानाची रचना त्यास ओळखीचीच वाटली असती.

यावर दुसरा एक पक्ष आनंदाने टाळी वाजवील आणि म्हणेल, ‘पाहा, आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते; आमचे ते सारे चांगले.’ या मंडळींचीही बाजू आम्ही घेत नाही. जुन्या पानातही दोष होते. नारळ हे आमचे श्रीफळ. परंतु खोबरेल तेलाचा सुमारे नऊ-दशांश भाग संपृक्त असतो व इतर वनस्पतिजन्य तेलांच्या मानाने ते एल.डी.एल. वाढविते हे तपासून ठरलेले आहे. ओल्या खोबऱ्यात चोथा असतो, म्हणून चवीपुरते वाटप वाईट नाही. पण प्रत्येक रशास अख्खा नारळ आणि फोडणीसही खोबरेल, ही चैन बैठे काम करणाऱ्यास परवडणारी नाही. खारवलेले मासे, लोणची व पापड यांतून जाणारे मीठ दिवसाच्या पाच ग्रॅमच्या मर्यादेस सहज ओलांडते. भाताचा ढीग नांगर धरणाऱ्याच्या पोटात जिरत होता. तोच ढीग आता दुचाकीवरून कचेरीत जाऊन खुर्चीवर बसणाऱ्याच्या पानात वाढला जातो. ‘इंडिआब’च्या २०२५ सालच्या निष्कर्षांप्रमाणे भारतीयांच्या आहारातील ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. भात तेवढा राहिला आणि त्याच्या सोबतीचे कुळीथ-अळसांदे पानातून गेले, हीच आमच्या ऱ्हासाची कथा आहे. जुने म्हणून राखू नये व परके म्हणून टाकू नये. हृदयास काय मानवते एवढाच निकष असावा.

या ऱ्हासात धर्माचा जो भाग आहे त्याकडे आता वळू. क्रीटमध्ये ग्रीक सनातनी ख्रिस्ती चर्चचे उपास वर्षातून सुमारे १८० दिवस भरतात. त्या दिवसांत मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य. खावयाचे ते कडधान्य, भाजी, फळ, रोटी. म्हणजे श्रद्धाळू मनुष्याचे अर्धे वर्ष आपोआप हृदयास हितकर अशा अन्नावर जाते. आमच्या एकादशीस काय होते? धान्य व डाळ ही दोन्ही पानातून उठतात आणि त्यांच्या जागी तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे, बटाट्याचा कीस व गोड पेये येतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिन नाही, चोथा नाही. तो ज्या कंदापासून होतो तो कंद, आणि त्याच्या सोबतचा बटाटा, शेंगदाणा व हिरवी मिरची, ही चारही अमेरिका खंडातून पोर्तुगीजादी युरोपियांच्या जहाजांतून आलेली. पुराणकाराने ज्यांचे नावही ऐकले नव्हते ते पदार्थ ‘उपासाला चालतात’ म्हणून पवित्र ठरले आणि आमच्या शेतातला कुळीथ त्या दिवशी अपवित्र ठरला! उपासाचा मूळ अर्थ संयम. एकादशी ज्याने पाळावयाची त्याने ती फळांवर, ताकावर किंवा वऱ्याच्या तांदळाच्या बेताच्या भातावर पाळावी. मधुमेह्याने तर वैद्यास विचारल्यावाचून पाळूच नये. आणि सोमवारचे शिवराक पान, जे खरोखर आमचे आहे व कडधान्यांनी भरलेले आहे, ते पूर्वीच्या आदराने राखावे. शिरगावच्या लइराईचे धोंड जत्रेपूर्वी एकत्र राहून, आपले शिवराक अन्न आपणच शिजवून व्रत पाळतात. संयमाचा असा आदर्श आमच्या डिचोलीतच असता साबुदाण्यास शरण जाण्याचे कारण काय?

उपासाहून मोठा प्रश्न पंगतीचा आहे. देवळाच्या महाप्रसादास गावातील लहानथोर बसतात. पंगतीत जे वाढले जाते ते मान्यता पावते व घराघरांत जाते. पूर्वी या पानाचा मानकरी खतखते असे. भोपळा, कच्चे केळे, कणगी, मुळा, शेवग्याच्या शेंगा अशा अनेक भाज्या तुरीच्या डाळीत शिजवून, तेफळे घालून केलेला हा पदार्थ म्हणजे भूमध्यसागरी आहाराचे एका टोपात मांडलेले सार. सोबत मुगागाठी, चण्याचे तोंडाक, आणि गोडास चणाडाळीचे मणगणे. आज अनेक ठिकाणी स्वयंपाकाचे कंत्राट दिले जाते आणि पांढरा भात, पातळ वरण, मैद्याच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, तळलेली भजी व जिलेबी एवढ्यावर पंगत उठते. खतखते उरलेच तर पानाच्या कोपऱ्यात चमचाभर उरते. देवळाबाहेर जत्रेच्या गाड्यांवर तर विचारावयास नको. २०२२ साली वास्कोच्या दामोदर सप्ताहात अन्न व औषध प्रशासनाच्या सांगण्यावरून गोबी मंचुरियनच्या गाड्यांना आळा घातला गेला आणि २०२४ साली म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्ताने त्यावर बंदीच घातली. साऱ्या देशात त्या बंदीची थट्टा झाली. आमच्या मते ती बंदी अपुरी होती. आक्षेप रंगाचा व अस्वच्छतेचा होता. कढईतल्या तेलाविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. वस्तुतः पुनःपुन्हा तापविलेल्या तेलातील विघटित द्रव्यांवर २५ टक्क्यांची मर्यादा २०१८ पासून, व तेल-तुपातील ट्रान्स स्निग्धांशावर २ टक्क्यांची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून कायद्यानेच घातलेली आहे. देवस्थानांच्या अन्नासाठी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची ‘भोग’ नावाची योजनाही आहे, पण तिचा रोख स्वच्छतेवर आहे. स्वच्छ हातांनी वाढलेला डालडाही डालडाच राहतो.

कोणी भाविक म्हणेल, ‘देवाच्या प्रसादान कोणाक रोग जाता?’ या श्रद्धेस आम्ही नमस्कार करतो आणि विचारतो की, देवाने डालडा कधी मागितला? नैवेद्यास काय चालावे याविषयी आमचे पूर्वज फार काटेकोर होते. कोणती भाजी चालते, कोणती चालत नाही, पाणी कोठले, सरपण कोणते, याचे नियम होते. ज्या परंपरेत कांद्याचा एक काप निषिद्ध ठरू शकतो त्याच परंपरेत आठवडाभर उकळलेले तेल निषिद्ध ठरविणे कठीण का असावे? चतुर्थीस आम्ही गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतो. रानातील व परसातील फळे, कंद, शेंगा, पाने शोधून आणून देवावर छत करतो, आणि खाली बसून मैद्याच्या नेवऱ्या खातो. माटोळीतील निम्मी झाडे मुलांना नावाने ठाऊक नाहीत. देवास जे अर्पण केले ते प्रसाद म्हणून खावे, एवढा साधा नियम जरी आम्ही पाळला तरी पानात भाजी परत येईल.

कोणी असेही म्हणेल की, गरिबाच्या मुखात वर्षातून एकदा जिलेबी पडते, तीही तुम्ही काढून घेणार काय? एकदा पडणाऱ्या जिलेबीशी आमचे भांडण नाही. परंतु पेडणे-डिचोलीच्या गावांत पालखी, सप्ताह, वर्धापनदिन, जत्रा, सत्यनारायण, बारसे व लग्न यांची गणती केली तर ‘एकदा’ या शब्दास अर्थ उरत नाही. आणि गरिबाचा कळवळा खरोखर असेल तर त्याचे कुळीथ व अळसांदे देवळाने विकत घ्यावेत. गावातील शेतकऱ्यास गिऱ्हाईक मिळेल व त्याच्याच मुलास चांगले पान मिळेल.

याचा मार्ग कायद्याने मोकळा आहे. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ सालच्या देवस्थान नियमनाखाली चालतो. महाजनांची सभा भरते, समिती निवडली जाते, हिशेब प्रशासक मामलेदारापुढे जातो. महाप्रसादाच्या खर्चाचा विचार जेथे होतो तेथेच पानाचाही विचार होऊ शकतो. तेव्हा महाजनांपुढे आम्ही पाच कलमे ठेवतो. महाप्रसादाच्या पानात कडधान्याचे दोन पदार्थ असावेत व त्यांतील एक खतखते असावे. भात शक्य तेथे उकड्या तांदळाचा असावा आणि भाजी-डाळ आधी व भात मागून वाढावा. तेल शेंगदाण्याचे किंवा तत्सम द्रव असावे, डालडा स्वयंपाकघरात येऊ नये, तळलेला पदार्थ एकाहून अधिक नसावा व तळलेले तेल दुसऱ्या दिवशी वापरू नये. गोड एकच, आणि ते बेताने वाढावे. शेवटचे कलम जत्रेतील जागांच्या पावणीचे: ज्या अटींवर गाळे दिले जातात त्यांत तेलाची अट घालावी व ती मोडणाऱ्यास पुढच्या वर्षी जागा देऊ नये. या पाचांपैकी एकासही नवा पैसा लागत नाही. उलट जिलेबीच्या व तुपाच्या खर्चात बचतच होईल.

अन्न हा सारा उपाय नव्हे हेही बजावून सांगतो. जो तंबाखू सोडीत नाही, चालत नाही, रक्तदाबाची गोळी मनास वाटेल तेव्हा बंद करतो, त्यास खतखते तारणार नाही. ज्यास वैद्याने औषध दिले आहे त्याने ते आहाराच्या भरवशावर टाकू नये. छातीत कळ येऊन ती डाव्या हातात किंवा जबड्यात जाऊ लागली, दरदरून घाम फुटला, तर अंगारा लावून वाट पाहू नये. १०८ ला बोलावून जवळचे सरकारी आरोग्यकेंद्र गाठावे. ‘स्टेमी’ योजनेखाली तेथे काढलेला हृदयालेख तज्ज्ञांकडे तत्काळ जाऊ शकतो आणि गुठळी विरघळविण्याचे औषध देता येते. त्या वेळी मिनिटांचा हिशेब असतो. आहाराचा हिशेब वर्षांचा आहे, आणि म्हणूनच तो आजपासून धरला पाहिजे.

येत्या जत्रेपूर्वी प्रत्येक देवस्थानात महाजनांची सभा भरेल. पालखीचा मार्ग, मानपानाचा क्रम, वाजंत्र्यांची बिदागी यांवर तेथे नेहमीप्रमाणे तासन् तास वाद होतील. त्या वादांत एका महाजनाने उठून पानाचा ठराव मांडावा आणि दुसऱ्याने त्यास अनुमोदन द्यावे. विरोध करणाऱ्याने अवश्य विरोध करावा. मात्र त्याने गावातील पन्नाशीच्या आत गेलेल्या पुरुषांची नावे आधी मोजावी, आणि मग बोलावयास उभे राहावे.